उन्हाची एजन्सी घेताय ना?

म्हणजे सोलर पॅनलची डिस्ट्रिब्युटरशिप? घ्या, बिनधास्त घ्या. खान्देशात आता दुसरा धंदा उरलाय कुठे? कृषी केंद्रं गल्लीत तीन-तीन झाली, ठिबक आणि पाइपमध्ये मोठे लोक आधीच पाय पसरून बसलेत, सोन्यात उतरायचं तर आधी जवळ सोनं लागतं. ऊन मात्र फुकट आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा देणाराही हात आखडता घेत नाही. वर सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या गच्चीवर सोलर बसवायची पीएम सूर्यघर योजना काढली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं, तीन किलोवॉटला ७८ हजारांची सबसिडी जाहीर केली. म्हणजे गिऱ्हाईक सरकार पाठवणार, माल कंपनी पाठवणार, ऊन सूर्यनारायण पाठवणार. तुम्ही फक्त मधे उभं राहून बिल फाडायचं.

यात मोडता घालणारे भेटतील. ते सांगतील की साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, तसल्या प्रकल्पांना डिस्ट्रिब्युटर लागत नाही, त्यांचा व्यवहार थेट कारखान्याशी. डिस्ट्रिब्युटर लागतो तो एरंडोलच्या मास्तरांना. त्यांच्या गच्चीवर तीन किलोवॉट बसवायचे तर ५४५ वॉटची सहा पॅनल पुरतात, आणि चाळीस फुटी कंटेनरात येतात सहाशेच्या वर. सहाशे आणि सहाच्या मधे जे काही आहे, म्हणजे गोडाउन, भांडवल, उधारी, योग्य माल योग्य माणसाला देणं आणि बिघडला तर परत घेणं, ते सगळं डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर. असं ते म्हणतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

पहिला खर्च पाटीचा. ‘अधिकृत वितरक’ हे शब्द लांबून दिसले पाहिजेत. कुणाचे अधिकृत, हे जवळ गेल्यावरही दिसलं नाही तरी चालेल. शेजारी हसऱ्या सूर्याचं चित्र आणि खाली ‘लाइट बिल शून्य’.

आता गोडाउन. पॅनलचं पॅलेट फोर्कलिफ्टने उतरवण्यासाठी बांधलेलं असतं, उभं. फोर्कलिफ्टचं भाडं कोण देतो? चौफुलीवरून चार हमाल बोलवा. ते ट्रकवरच पट्ट्या कापतील आणि एकेक पॅनल डोक्यावर घेऊन निघतील. साधारण अठ्ठावीस किलोचं, सव्वादोन मीटर लांबीचं ते धूड डोक्यावर घेतलं की दोन्ही टोकांनी खाली झुकतं आणि प्रत्येक पावलाला पापडासारखं लवतं. वरची काच शाबूत राहते, पण आतल्या, वीज बनवणाऱ्या सेलला केसाएवढ्या चिरा जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी वेगळी चाचणी लागते आणि ती चाचणी आपल्या तालुक्यात कुणी करत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तिथे तापून डाग पडला की मास्तर म्हणतील कंपनी खराब, कंपनी म्हणेल बसवणारा खराब. तुमचं नाव कुणाच्या तोंडीही येणार नाही. पुढे हमालांना जेवायला जागा हवी म्हणून पॅनल आडवी रचा. बसायला बरी पडतात.

मालाचं वर्गीकरण हा डोकेदुखीचा विषय आहे, तेव्हा करूच नका. सबसिडी हवी तर डीसीआर माल लागतो. त्यात पॅनल तर देशी हवंच, आतला सेलही देशीच हवा. नॉन-डीसीआरमध्ये सेल बाहेरचा आणि जोडणी इथली, म्हणून वॉटमागे तो स्वस्त पडतो. दिसायला दोन्ही सारखी निळी-काळी. एकाच कोपऱ्यात ठेवा. प्रत्येक पॅनलवर सिरीयल नंबर असतो आणि तो योजनेच्या पोर्टलवर चढवावा लागतो, तिथे जुळला नाही तर मास्तरांची सबसिडी अडकते. अडकू दे. मास्तर बसवणाऱ्याला फोन करतील, बसवणारा तुम्हाला करेल, तुम्ही जेवायला बसलेले असाल.

डीसीआर मालाची टंचाई झाली तर मात्र घाबरू नका, तो सुगीचा काळ. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारायची विद्या आपल्याकडे पिढीजात आहे, तिला लिंकिंग म्हणतात. ‘भो, पॅनल पाहिजे ना? मग इन्व्हर्टरबी आपलाच न्या.’ बसवणारा नेतो, न नेऊन जातो कुठे?

माहितीपत्रकात ‘जितकं ऊन तितकी वीज’ हे वाक्य ठळक छापा. पॅनलवरचे वॉट हे सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात, हे छापू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरचा सेल ६५ अंशांच्या पुढे जातो आणि पंचविसाच्या वर दर अंशामागे साधारण पाव ते अर्धा टक्का वीज घटते. म्हणजे ज्या मे महिन्याच्या जोरावर तुम्ही माल विकला त्याच महिन्यात भर दुपारी सात-आठवा हिस्सा गळतो. गच्चीपासून पॅनल थोडं उंच धरलं, खालून वारा खेळू दिला तर हा फटका कमी बसतो, पण उंच स्ट्रक्चरला लोखंड जास्त लागतं आणि त्याच्याशी दर जुळत नाही. शिवाय रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा झोपतात. तेव्हा पातळ पाइपांवरची पॅनलंही झोपली तर त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचं.

लोडशेडिंगचा विषय निघाला तर छताकडे बघा. बॅटरी नसलेली ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेली सिस्टिम, महावितरणची लाइट गेली की स्वतःही बंद होते. तारांवर काम करणारा लाइनमन आपल्या विजेने मरू नये म्हणून तशी सोयच केलेली असते. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं तर तो विचारात पडतो, नंतर कळलं तर चिडतो. चिडलेल्या गिऱ्हाइकाचे पैसे आधीच जमा झालेले असतात, हा फरक ध्यानात ठेवा.

पैशाचा विषय निघालाच आहे. तुम्हाला वाटत असेल की तुम्ही पॅनल विकणार. नाही हो, तुम्ही उधारी विकणार. गिऱ्हाइकाचं कर्ज बँकेत, सबसिडी सरकारात, बसवणारा तुमच्या दारात आणि कंपनीला मात्र पैसे माल सुटण्याआधी हवे. बसवणारा ओळखीचा निघाला तर अहिराणीत बोलेल, ‘कापूस निंघना का पैसा दिसू, भाऊ,’ म्हणजे कापूस निघाला की पैसे देईन, आणि अहिराणीत मागितलेली उधारी नाकारणारा माणूस अजून या जिल्ह्यात जन्मायचाय. त्यात भाव. २०२३ मध्ये जगभर पॅनलचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले, तेव्हा जानेवारीत गोडाउन भरून हुशार ठरलेले लोक दिवाळीला त्याच गोडाउनात डोकं धरून बसले होते. पुढे ३ सप्टेंबर २०२५ ला पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के करायचं ठरलं आणि अंमल २२ तारखेपासून. मधल्या दिवसांत ज्याला त्याला एकच उत्तर, ‘बावीसनंतर बघू.’ हे असले खड्डे पोटात घालण्यासाठीच बाजाराला डिस्ट्रिब्युटर लागतो. कारखाना ते पोटात घालत नाही आणि बसवणाऱ्याला तेवढं पोट नाही. पण तुम्ही ‘मार्जिन किती’ एवढंच विचारून एजन्सी घेतली आहे, ते बरं केलंत. सगळं विचारणारे अजून विचारतच आहेत.

एका माणसापासून मात्र जपा. धुळ्याकडे एक जण आहे. बसवणाऱ्या पोरांना तो महिन्यातून एकदा गोडाउनात चटईवर बसवतो आणि केबलला कनेक्टर कसा चेपायचा ते शिकवतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण ते तापतात, कधी पेटतात, म्हणून जोडीने एकाच कंपनीचे देतो. खोक्याचा कोपरा दबलेला दिसला तर ते पॅनल उन्हात उभं करून मल्टिमीटर लावतो, पंचेचाळीस-पन्नास व्होल्ट दिसल्याशिवाय बिल करत नाही. वीज पडायचं, एसीचं आणि डीसीचं असं तीन वेगवेगळं अर्थिंग केल्याचा फोटो मागतो! दोन-चार इन्व्हर्टर नुसते शेल्फवर पडू देतो, का तर कुणाचा बंद पडला की दुरुस्त होऊन येईपर्यंत बसवायला. सांगा, भांडवल असं धूळ खात ठेवायचं असतं का? उद्घाटनाला आमदार बोलावले नाहीत, कॅलेंडरं वाटली नाहीत. आणि तरी शहादा-शिरपूरचे बसवणारे चार जादा पैसे मोजून त्याच्याकडेच जातात. लोकांना व्यवहार कळत नाही, दुसरं काय!

शेवटी वॉरंटी. पॅनलवर २५ वर्षांची लिहिलेली असते. तुमच्या दुकानाचा भाडेकरार ११ महिन्यांचा आहे, तो तसाच राहू द्या. वॉरंटी कंपनीची असते, पण अर्ज, फोटो, सिरीयल नंबर, रीडिंग, जायचं-यायचं भाडं आणि तिकडच्या साहेबाला सतरा फोन हे सगळं डिस्ट्रिब्युटरने करायचं असतं. म्हणून तीन वर्षं झाली की फर्म बंद करा आणि सौ.च्या नावाने नवी काढा. दुकान तेच, टेबल तेच, हसरा सूर्यही तोच. मास्तर बंद पडलेला इन्व्हर्टर स्कूटरच्या पायाशी ठेवून एरंडोलहून आले तर पाणी द्या, खुर्ची द्या आणि पाटीवरचं नवं नाव मोठ्याने वाचून दाखवा. ‘ते वेगळे होते सर, आम्ही वेगळे.’ मोबाइल नंबर मात्र बदलू नका. जुन्या फर्मची उधारी त्याच नंबरवरून मागायची आहे.