सजावट नव्हे, कथेचा कणाच

स्टीमपंकवरचा, म्हणजे वाफेच्या यंत्रांचं कल्पित जग रंगवणाऱ्या विज्ञानकथांवरचा, तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘स्टीमपंकमधली वाफेची यंत्रं म्हणजे निव्वळ सजावट’ हे अजिबात पटलं नाही. गेल कॅरिगर यांची ‘फिनिशिंग स्कूल’ मालिका (२०१३ ते २०१५, चार भाग) वाचून बघा. काळ १८५१, जागा इंग्लंड. खानदानी मुलींना रीतभात शिकवणारी शाळा, आणि ती चक्क एका हवाई जहाजावर! तिथे गुडघे मुडपून अभिवादन कसं करायचं आणि माहिती कशी काढायची, दोन्हींचे धडे एकत्रच.

यंत्रांचं म्हणाल तर, मालिकेची नायिका सोफ्रोनिया जहाजाच्या बाहेरच्या अंगाने लटकत-चढत खाली बॉयलरखान्यात जाते. तिथे कोळशाने माखलेली पोरं राबत असतात, सोप हा तिचा मित्र त्यांच्यातलाच. म्हणजे वर चहापान आणि खाली भट्टी. वर्गभेद त्या जहाजाच्या रचनेतच दिसतो. वाफ काढून टाकली तर ही मैत्रीच उरत नाही. तिचा बम्बरस्नूट हा यांत्रिक कुत्रासुद्धा कोळसा खातो, आणि पुढे कथानकात कामालाही येतो.

आणि ही कल्पना तरी कुठे अधांतरी आहे? आंरी जिफार या फ्रेंच अभियंत्याने वाफेवरचं हवाई जहाज पॅरिसहून सुमारे २७ किलोमीटर उडवलं ते १८५२ मध्ये, म्हणजे या गोष्टीच्या जेमतेम वर्षभरानंतर.

मालिकेतले व्हॅम्पायर आणि नरलांडगे मात्र मला थोडे जास्तच वाटले. तरी घरात वाचणारी मुलगी असेल तर तिच्या हाती जरूर द्या, पहिल्या भागापासून क्रमानेच.