एक स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: डीएनएसचा दुसरा रकाना मुद्दाम रिकामा ठेवलेला हाय

नमस्कार अण्णा, रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे ते तुमच्या हातात, त्याबद्दल काय म्हणणं नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून उद्या अजून चार जण आपापल्या ऑफिसात तेच करून बसतील म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की आम्ही एमआयडीसीतल्या तुमच्या टॉवेल कारखान्यात आलो, राउटरमधे आकडे बदलले, बाराशे रुपये घेतले, डीएनएसचा (म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणाऱ्याचा नंबर) दुसरा रकाना रिकामाच सोडून अर्धवट काम करून गेलो, नंतर स्टॉकचं सॉफ्टवेअर कधी चालतंय कधी नाही असं व्हायला लागलं आणि शेवटी भाच्याने व्हिडिओ बघून फुकटात नीट केलं. वर फोन उचलत नाहीत असंही लिहिलंय. फोनचं म्हणाल तर ते सोलापूरच्या गड्डा जत्रेचे दिवस होते, त्या गर्दीत कुणाचा फोन कुणाला ऐकू येतो सांगा, आणि संध्याकाळी आम्ही उलटा फोन केलेला, तो तुमच्याकडनं उचलला गेला नाही. ते सोडा.

आधी मूळ तक्रार काय होती ते आठवा. जीएसटीची साइट म्हणा, बँकेची म्हणा, उघडायला लई वेळ लागायचा पण एकदा उघडली की मग पळायची, आणि तुम्ही नेटवाल्याला बोल लावत होता. नेट स्लो असतं तर उघडल्यावर पण रखडलं असतं की. तुमच्यासमोरच ती काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून पिंग ८.८.८.८ टाकलं, म्हणजे गुगलच्या सगळ्यांना खुल्या डीएनएसला हाक मारली, फटाफट उत्तर आलं, मग आकड्याच्या जागी साइटचं नाव टाकलं तर कर्सर नुसता लुकलुकत बसला. म्हणजे रस्ता चालू हाय, नावावरून आकडा शोधायचं काम अडकतंय. अकाउंटवाल्या दोन कॉम्प्युटरवर आधीच्या नेट कंपनीचा डीएनएस नंबर कुणीतरी हाताने टाकून ठेवलेला होता आणि तो नंबर आता उत्तरच देत नव्हता. कॉम्प्युटर बिचारा सारखा फिरून पहिलं त्यालाच विचारणार, वाट बघणार, मग दुसऱ्याला विचारणार. तो सगळा वेळ तिथं जात होता. तो हाताने टाकलेला नंबर आम्ही काढला, कॉम्प्युटर ऑटोमॅटिकवर टाकले आणि राउटरमधेच असं सेट केलं की जो जोडला जाईल त्याला डीएनएस म्हणून तुमच्या कोपऱ्यातल्या उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरचा नंबर मिळेल, १९२.१६८.१.१०. प्रत्येक टेबलावर जाऊन टायपिंग केलं नाही म्हणून काम छोटं वाटलं असेल, पण एका जागी केलं की पुढचा नवीन कॉम्प्युटर आला तरी त्याला हात लावायला लागत नाही.

आता त्या रिकाम्या रकान्याचं.

तुमचं स्टॉकचं सॉफ्टवेअर ब्राउझरमधे स्टॉक डॉट लॅन या नावाने उघडतं. हे नाव जगात कुठं नोंदवलेलं नाही, फक्त तुमच्या त्या सर्व्हरला माहीत हाय. बाहेरची सगळी नावं, जीएसटी, बँक, मेल, तो सर्व्हर स्वतः बाहेर विचारून आणून देतो, म्हणून त्याचा एकच नंबर पुरतो. ८.८.८.८ ला स्टॉक डॉट लॅन विचारणं म्हणजे दादर स्टेशनवर उभं राहून तुमच्या गोडाऊनची किल्ली कुणाकडं हाय ते विचारणं. तो प्रामाणिकपणे सांगणार, असलं नावच नाही.

आणि नेमकं इथंच सगळे फसतात. विंडोजमधे प्रिफर्ड आणि ऑल्टरनेट असं लिहिलेलं असतं, त्यामुळे वाटतं की पहिल्याला नाव सापडलं नाही तर तो दुसऱ्याला विचारेल. तसं नसतं अण्णा. पहिल्याने "असं नाव नाही" म्हटलं की ते पण उत्तरच, विषय संपला, दुसऱ्याकडं कुणी जात नाही. दुसरा कामाला येतो तो पहिल्याने काहीच उत्तर दिलं नाही तर, किंवा द्यायला उशीर केला तर. लिनक्समधे पण तेच, नंबर ओळीने विचारतात, सहसा पाच सेकंद वाट बघून पुढच्याकडं जातात आणि तीनपेक्षा जास्त लिहिले तर चौथ्यापासून पुढचे बघत पण नाहीत. त्यामुळे दोन्ही रकान्यात असेच नंबर पाहिजेत की दोघांना सगळी नावं माहीत असतील. एक घरचा आणि एक बाहेरचा असं कालवलं की झालाच गोंधळ.

तुमच्याकडं तेच झालंय. भाच्याने कॉम्प्युटरांवर दुसऱ्या रिकाम्या जागेत ८.८.८.८ टाकलं. संध्याकाळी कुणीतरी सर्व्हरचं बटण बंद करतं किंवा लाईट जाते, सकाळी कॉम्प्युटर आधी चालू होतात आणि सर्व्हर मागनं. तेवढ्यात विंडोजने पहिल्याची वाट बघून दुसऱ्याकडं मोर्चा वळवलेला असतो आणि एकदा वळलं की लगेच परत येत नाही, काही वेळ तिकडंच विचारत बसतं. गुगल उघडतंय, बँक उघडतेय, फक्त स्टॉक उघडेना. वर "नाव नाही" हे उत्तर पण विंडोज थोडा वेळ लक्षात ठेवतं. म्हणून तुमचा मॅनेजर सांगतो की अकरानंतर आपोआप चालू होतं. आपोआप कुठलं ओ.

बरं, मग भाच्याने काय केलं तर होस्ट्स फाइलमधे, म्हणजे कॉम्प्युटरमधेच असलेल्या नाव-आकड्यांच्या यादीत, स्टॉक डॉट लॅन आणि पुढं आकडा लिहिला. चाललं, चालणारच, कारण कॉम्प्युटर कुणाला विचारायच्या आधी ती फाइल बघतो. पोरगं हुशार हाय, यात टोमणा नाही. पण १९८३ साली डीएनएस निघायच्या आधी सगळ्या नेटवर्कचं असंच चालायचं, अमेरिकेत एसआरआय (आधीची स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट) नावाच्या संस्थेत एक मोठी होस्ट्स फाइल ठेवलेली असायची आणि जो तो ती उतरवून घ्यायचा, ते सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले म्हणून तर ही नवीन पद्धत काढली. उद्या तुम्ही सर्व्हरचा नंबर बदलला की प्रत्येक कॉम्प्युटरची फाइल उघडत फिरा, आणि मोबाईलवरनं स्टॉक बघायचा म्हटलं तर तिथं ती फाइल सहसा बदलताच येत नाही.

सर्व्हरवर पण त्याने रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइल (नावं कुणाला विचारायची ते लिहिलेली) बदललेली दिसली, तुम्हीच रिव्ह्यूत स्क्रीनचा फोटो टाकलाय म्हणून कळलं. त्याच फोटोत वरच्या ओळीत इंग्रजीत लिहिलंय बघा, ही फाइल सिस्टिमडी रिझॉल्व्ह्ड (उबंटूमधलाच नावं शोधायचा प्रोग्राम) सांभाळतं, बदलू नका. उबंटूवर ती फाइल आपोआप बनते, रिस्टार्ट झालं की लिहिलेलं पुसून जातं. तिथलं खरं सेटिंग नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलीत असतं आणि ते आम्ही केलेलं हाय.

एकाच नंबरवर सगळं ठेवण्यात धोका नाही का? हाय की. सर्व्हर बंद तर कुणालाच नाव सापडणार नाही, नेट असून नसल्यासारखं. म्हणूनच त्याच दिवशी म्हटलं होतं की सर्व्हर यूपीएसवर घ्या, रात्री बंद करू नका, आणि पाहिजे तर पडून असलेला एखादा जुना कॉम्प्युटर द्या, त्याच्यावर हीच नावं टाकून दुसरा नंबर तयार करून देतो. तुम्ही म्हटलात एवढ्याशा ऑफिसला कशाला. ते पण बिलाच्या मागं लिहून दिलंय, बिल काढून बघा.

आता असं करा. भाच्याला सांगून सगळ्या कॉम्प्युटरवरनं ८.८.८.८ काढा, डीएनएस परत ऑटोमॅटिकवर टाका, होस्ट्समधली ती ओळ पुसा, मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारा म्हणजे जुनं लक्षात ठेवलेलं जाईल. नंतर नाव कोण शोधून देतंय ते बघायला एनएसलुकअप स्टॉक डॉट लॅन टाका, वर सर्व्हर म्हणून १९२.१६८.१.१० दिसलं की झालं. त्याला जमत नसेल तर आमचा पोरगा येऊन करून जाईल, त्याचे पैसे नाहीत. जुना कॉम्प्युटर दुसऱ्या नंबरसाठी लावायचा असेल तर त्याचे मात्र होतील, आधी विचारून घ्या म्हणजे परत बिलावरनं बोलणं नको. रविवार सोडून कधीही फोन करा, आणि सर्व्हरचं बटण कोण बंद करतंय ते तेवढं शोधून ठेवा.