दातांआधी दगड बोलले

काळ्या मृत्यूच्या साथीचा, म्हणजे चौदाव्या शतकाच्या मध्यात युरोपात थैमान घातलेल्या प्लेगचा, उगम डीएनएने शोधला, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटलं, पण अर्धंच. किर्गिझस्तानात इसिक-कुल सरोवराजवळच्या थडग्यांवर कोरलेल्या शिलालेखांचा त्यात साधा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटलं. 1880 च्या दशकात तिथे उत्खनन सुरू झालं, तेव्हा सिरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी लिपी) लिपीतले हे शिलालेख उतरवून घेतले गेले. तारीख असलेल्या 467 दगडांपैकी 118 फक्त 1338-39 मधले! काहींवर तर मृत्यूचं कारण 'साथ' असं सरळ कोरलंय. इतिहासकार फिलिप स्लाव्हिन यांच्या नजरेत हा आकडा भरला, म्हणून तर कुठले सांगाडे तपासायचे ते ठरलं. दाताच्या आत रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे रक्तात भिनलेल्या जंतूच्या डीएनएचा अंश तिथे टिकून राहतो. सात जणांच्या दातांची तपासणी झाली, तिघांत प्लेगच्या जंतूचा डीएनए सापडला (2022). पण या कवट्या सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात जपलेल्या नसत्या आणि उत्खननाच्या जुन्या नोंदींशी कुणी चिकाटीने ताडून पाहिल्या नसत्या, तर प्रयोगशाळेच्या हाती काय लागलं असतं? पुढच्या लेखात त्या दगडांचे फोटो आणि त्यावरच्या मजकुराचं भाषांतर जरूर द्या.