'इट' वाचून घाबरण्याची पूर्वतयारी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की स्टीफन किंगचं 'इट' वाचून तुम्हाला भीती वाटली नाही तर चूक तुमची आहे. पुस्तकाची असूच शकत नाही. १९८६ साली आलं, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेली कादंबरी हीच, पुढे १९९० ला टीव्हीवर मिनिसिरीज, मग २०१७ आणि २०१९ ला दोन दोन सिनेमे, अर्ध्या जगाने जोकरांचा धसका घेतला, आणि तुम्ही कोण एवढे मोठे लागून गेलात की सातशेव्या पानावर जांभया देताय? तर ती जांभई चारचौघांत दिसू नये, आणि जमलंच तर तुमची तुम्हालाही कळू नये, एवढ्यासाठी ह्या सूचना आहेत.

पुस्तक घेताना जाडी बघून घ्या. पहिली आवृत्ती ११३८ पानांची होती, आणि भीती ही पानांच्या प्रमाणात वाढते असा ह्या धंद्यातला नियमच आहे. आपल्याकडे रत्नाकर मतकरींना हा नियम कोणी सांगितलाच नाही बिचाऱ्यांना. त्यांची गूढकथा बसल्या बैठकीत संपते, काय झालं ते नीट कळायच्या आत संपते, आणि मग रात्री पाणी प्यायला उठायचं तर आधी कोणाला तरी हाक मारावी लागते. असलं किरकोळ काम नको. शेल्फवर उठून दिसत नाही, आणि 'वाचतोय सध्या' असं चार महिने सांगताही येत नाही.

आता पहिलं प्रकरण. हे शक्यतो वाचूच नका. कारण ते खरंच भारी आहे आणि सगळा घात तिथेच होतो. १९५७ सालचा शरद ऋतू, मेन राज्यातलं डेरी नावाचं काल्पनिक गाव, दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस. फ्लू होऊन अंथरुणात पडलेला दहा वर्षांचा बिल आपल्या सहा वर्षांच्या भावाला, जॉर्जीला, कागदाची होडी करून देतोय. होडी भिजू नये म्हणून तिला मेण लावायचं आणि मेण तळघरात. बस, एवढंच. ते पोरगं तळघराच्या दारात उभं राहून हात आत घालून बटण चाचपतंय, आणि आतून कोणीतरी आपला हात धरेल असं त्याला वाटतंय. तळघरात काहीच नसतं हो! मेणाचा डबा असतो फक्त. पण तेवढी पानं वाचताना तुम्ही सहा वर्षांचे होता, आपल्या आजोळच्या माडीवरच्या बंद खोलीपाशी जाऊन पोचता, आणि मग रस्त्यावरच्या गटाराच्या तोंडातून तो पेनीवाइज जोकर गोड बोलायला लागतो तेव्हा पुस्तक धरलेल्या हाताला घाम सुटलेला असतो. असं प्रकरण पहिल्याच फटक्यात वाचलंत की पुढच्या अकराशे पानांकडून अपेक्षा वाढतात, आणि अपेक्षा ठेवणारा वाचक कधी सुखी झालाय? म्हणून म्हणतो, डायरेक्ट पुढे चला.

पुढे फोन येतात. लहानपणी ज्या सात पोरांनी मिळून त्या राक्षसाला, म्हणजे जोकराच्या रूपातल्या त्या पेनीवाइजलाच, हरवलं होतं त्यांच्यापैकी माइक हॅनलन एकटा गावात राहिलाय, लायब्ररीत काम करतो, बाकी सहा जणं गाव सोडून गेली आणि सगळं विसरली. सत्तावीसेक वर्षांनी तो राक्षस परत जागा होतो तसा माइक एकेकाला फोन लावतो. आता तुम्हाला वाटेल फोन आला, निघाले, पोचले. इतकी घाई बरी नव्हे. प्रत्येक फोनच्या आधी त्या माणसाची नोकरी, बायको किंवा नवरा, गाडी, बॅगेत काय काय भरलं, एअरपोर्टला कसा गेला, असं सगळं यथासांग होतं. सहाही जणं भरपूर पैसेवाली. एक आर्किटेक्ट, एक फॅशन डिझायनर, एक रेडिओवर गाजलेला, एकाची लिमोझिनची कंपनी, एक अकाउंटंट (तो फोन आल्यावर त्याच रात्री जीव देतो, आणि त्या सगळ्या प्रकरणात मला तेवढंच अंगावर आलं), आणि बिल झालाय भयकथांचा बेस्टसेलर लेखक. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल. तर ह्या सगळ्यांना लहानपणीचं काहीतरी अंधुक अंधुक आठवत असतं. आठवलं, आठवलं, आलं तोंडावर... नाही, गेलं. दोन पानांनी परत तेच. अशा वेळी चिडू नका. लेखकाला सगळं आठवतंय, तुम्हाला सांगायचं नाहीये एवढंच, आणि ह्याला सस्पेन्स म्हणतात.

मग राक्षस. त्याची खासियत अशी की ज्याला ज्याची भीती त्याच्यापुढे तो त्याच रूपात येतो. कल्पना फर्स्टक्लास. आता सांगा, अकरा वर्षांच्या मुलाला कशाकशाची भीती वाटू शकते? बापाच्या पावलांची, बाई रागावतील ह्याची, आई मरेल ह्याची. बरोबर ना? चूक. डेरीतल्या बऱ्याच पोरांना भीती वाटते ती थिएटरला लागलेल्या सिनेमांची. ममी, लांडग्याचा माणूस, तळ्यातून वर येणारा खवल्यांचा प्राणी, झालंच तर एक अवाढव्य पक्षी. किंगचा जन्म १९४७ चा, म्हणजे कथेतल्या १९५८ च्या उन्हाळ्यात तो स्वतः साधारण ह्या पोरांच्याच वयाचा, त्यामुळे त्याची ही भीती अस्सल आहे हे मान्य. पण आपण पडलो मुंज्या, हडळ आणि वेताळवाले, आपल्यासाठी ममी म्हणजे म्युझियममध्ये सहलीला गेल्यावर दिसणारी वस्तू. तर ममी आली की मनातल्या मनात तिला हडळ समजा आणि रेटा पुढे.

तसंच ही भुतं भेटण्याची पद्धत पाठ करून ठेवा म्हणजे त्रास होत नाही. पोर एकटं कुठेतरी जातं, आधी वास येतो, मग चाहूल लागते, मग भूत येतं, मग पोर जिवाच्या आकांताने पळतं आणि सुटतं. मग दुसरं पोर. मग तिसरं. चौथ्याच्या वेळी मला त्याला सांगावंसं वाटलं की बाळा, कशाला धापा टाकतोस, तू सातांपैकी आहेस, तुला काही होत नाही. सातांतली एकुलती मुलगी बेव्हर्ली, तिच्या बेसिनमधून रक्ताचा फवारा येतो आणि ते तिच्या बापाला दिसतच नाही, हा एक प्रसंग मात्र वेगळा निघालाय. तिथे भूत नळात नसून बाथरूमच्या दारात उभं आहे. असे प्रसंग किंगने फार ठेवले नाहीत, वाचकांची काळजी असेल.

शस्त्रांबद्दल शंका काढू नका. सातांतल्या एडीला दमा असतो, त्याचा पंप असतो, आणि त्या पंपात औषध नसून नुसतं कापराच्या चवीचं पाणी असतं हे आपल्याला कळतं. पण एडीने 'हे ॲसिड आहे' असं मनापासून मानून फवारलं की राक्षस भाजतो. चांदी वितळवून गोळ्या करायच्या, बेचकीतून मारायच्या, विश्वास असला की लागतात. म्हणजे युगानुयुगं जगलेला, विश्वाच्या पलीकडून आलेला, पोरं खाणारा राक्षस, आणि त्याला मारायला लागतं काय, तर पॉझिटिव्ह थिंकिंग. आमच्या नारायण धारपांच्या भयकथांतले समर्थसुद्धा शेवटी येऊन सगळं निस्तरायचे, तेव्हा आम्ही पण हसायचो, पण निदान समर्थांची साधना होती हो काहीतरी.

आता एक धोक्याची सूचना. मधेमधे माइकच्या वहीतली प्रकरणं येतात, डेरीचा इतिहास म्हणून. ही भरभर उलटा. १९०६ च्या ईस्टरला मुलांसाठी खेळ ठेवलेला असताना कारखान्यात स्फोट होतो. १९२९ मध्ये एक दरोडेखोरांची टोळी गावात काडतुसं विकत घ्यायला येते आणि गावातले सभ्य दुकानदार, अमुक नि तमुक, बंदुका घेऊन भर दिवसा रस्त्यावर त्यांची चाळण करतात, आणि नंतर विचारलं तर कोणी काही पाहिलेलं नसतं, त्या दिवशी सगळे नेमके बाहेरगावी. १९३० मध्ये काळ्या सैनिकांचा क्लब गोरे लोक पेटवून देतात, आतल्या माणसांसकट. ह्यात जोकर कुठेतरी कोपऱ्यात दिसतो खरा, पण त्याची गरजच नाही, गाव समर्थ आहे. आणि हे निव्वळ रचलेलंही नाही. डेरी म्हणजे किंग जिथे राहायचा ते बँगोर, तिथे १९३७ मध्ये ब्रेडी टोळीला एफबीआयच्या एजंटांनी खरंच भर रस्त्यात गोळ्या घातल्या. १९८४ मध्ये तिथेच चार्ली हॉवर्ड नावाच्या तरुणाला, तो समलिंगी होता एवढ्यावरून, तीन पोरांनी पुलावरून खाली पाण्यात फेकलं आणि तो बुडून मेला. कादंबरीत हे जवळजवळ तसंच येतं, नाव बदलून, अगदी सुरुवातीला. ते वाचताना पोटात गोळा येतो. आणि अडचण अशी होते, की गाव असं वागू शकतं हे एकदा दाखवल्यावर परत फुगे घेऊन जोकर आला की बरं वाटतं. हो, बरं वाटतं! चला, म्हणजे हे सगळं त्या जोकराने केलं तर, लोक तसे चांगलेच होते. भयकादंबरीत भूत आल्यावर जीव भांड्यात पडणं ही फार मोठी सोय आहे, तिचा लाभ घ्या.

थिअरी पण थोडी माहीत असू द्या, इंप्रेशन पडतं. किंगने १९८१ मध्ये 'डान्स मकाब्र' नावाचं पुस्तक लिहिलं, भयकथांवरचंच, आणि त्यात त्याने बंद दाराचं फार सुंदर विवेचन केलंय. दाराआड काहीतरी खरवडतंय तोवर भीती पराकोटीची. दार उघडलं आणि दहा फुटी किडा दिसला की लोक किंचाळतात, पण त्या किंचाळण्यात सुटकेचा निःश्वास पण असतो, की हात्तिच्या, दहा फुटीच आहे, मला वाटलं शंभर फुटी असेल. आता गंमत बघा. 'इट'च्या शेवटच्या पानावर लेखनाच्या तारखा दिल्यात, सुरुवात सप्टेंबर १९८१, शेवट डिसेंबर १९८५. म्हणजे ज्या वर्षी हा माणूस सगळ्या जगाला सांगत होता की दार उघडलं की भीती संपते, त्याच वर्षी त्याने दाराच्या कडीला हात घातला, आणि चार वर्षांनी, हजारेक पानांनंतर, दार उघडून दाखवलं काय?

कोळी. आठ पायांचा. मोठा आहे, मादी आहे, अंडी घालते, सगळं कबूल, पण कोळी. डोंगर पोखरून कोळी. माणसाच्या मेंदूला त्याचं खरं रूप झेपणार नाही म्हणून त्यातल्या त्यात जवळचं रूप कोळ्याचं दिसतं असं स्पष्टीकरण आहे, ते तोंडपाठ करा, लोक हमखास विचारतात. आणि ह्या कोळ्याला मारायचं कसं, तर त्याच्याशी नजर भिडवून मनोमन एकमेकांची जीभ चावून धरायची. शिवाय विश्वाबाहेर एक प्रचंड कासव आहे, त्याला पोटदुखी झाली तेव्हा त्याने आपलं हे विश्व ओकून टाकलं. नाही नाही, मी काही घेतलेली नाही, पुस्तकात आहे. इथे कोणी हसलं तर गंभीर चेहऱ्याने 'कॉस्मिक हॉरर' एवढे दोन शब्द म्हणा आणि लांब बघा. त्यावर सहसा कोणी उलट प्रश्न विचारत नाही.

गटारातून बाहेर पडतानाचा एक प्रसंग आहे, त्या मुलांबाबतीत तसलं काही लिहायलाच नको होतं. त्याच्यावर माझ्याकडे विनोद नाही. मिनिसिरीजने आणि दोन्ही सिनेमांनी तो सरळ उडवला.

एवढं करून पुस्तक संपलं आणि कोणी विचारलंच की कसं आहे, तर 'ते भीतीबद्दल नाहीच आहे, ते बालपणाबद्दल आहे' असं म्हणायचं. हे वाक्य शंभर टक्के सेफ आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मं खरं पण आहे. ती पोरं ओढ्यावर बांध घालतात, जमिनीत खड्डा खणून अड्डा बनवतात, तोतऱ्या बिलच्या मागे धावतात, त्या पानांवर मला ना राक्षस हवा होता ना कासव. ती सातजणं मला अजून आठवतात. पण मी विकत भयकादंबरी घेतली होती, आणि पैसे द्यायचे भुताचे नि खूश व्हायचं बांधावर, हा हिशेब जुळत नाही. शेवट आवडला नाही असं मात्र चुकूनही बोलू नका, फॅन लोक चवताळतात. ते बोलायचा अधिकार एकाच माणसाला आहे. २०१९ च्या सिनेमात मोठा झालेला लेखक बिल आपली जुनी सायकल घ्यायला जुन्या सामानाच्या दुकानात जातो, आणि दुकानदार त्याला तोंडावर सांगतो की तुमच्या पुस्तकाचा शेवट काही आवडला नाही बुवा. तो दुकानदार म्हणजे खुद्द स्टीफन किंग. म्हणजे ह्यांना सगळं माहितीये! हसतात वर! आणि पुस्तकाचे पैसे परत द्यायचं नाव नाही.

आता ह्या सगळ्या सूचना वाचून तुमची तयारी झालीच असेल तर पुढचं पुस्तक पण आत्ताच सांगून ठेवतो, 'द स्टँड'. ते १९७८ मध्ये आलं तेव्हा प्रकाशकाने खर्च परवडत नाही म्हणून शेकडो पानं कापायला लावली होती. पुढे किंगचं नाव इतकं मोठं झालं की १९९० मध्ये ती पानं परत घातली आणि अकराशेच्या वर पानांचा पूर्ण ग्रंथ बाजारात आणला. मधे बरा डिस्काउंट दिसला होता, घेताना कापलेली जुनी आवृत्ती तर गळ्यात मारत नाहीत ना तेवढं बघून घ्या.