खोकल्यासह यमन

आमच्या घरी साठ मिनिटांची एक कॅसेट होती. तिच्या पहिल्या बाजूवर, म्हणजे तीस मिनिटांत, एका नामवंत गायकांचा खासगी बैठकीतला यमन राग मावेल तेवढा मावला होता आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतले गाणे, ऐन रंगात आले असताना फीत संपून खट्ट असा आवाज होत असे. पहिल्या पाच-सात वेळा मला त्यातले फारसे काही कळले नाही. पण विसाव्या वेळेपर्यंत गायक तीव्र मध्यम या स्वराला हात लावण्याआधी किती रेंगाळणार हे मला आधीच कळू लागले आणि ते तसेच घडले की जणू तालीम मीच दिली आहे, अशा थाटात मी मान डोलावू लागलो. नुसत्या परिचयानेही आवड वाढते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिलेच आहे. परिचय फार झाला की ही आवड उतरणीला लागते, हे डॅनियल बर्लाइन यांनी पुढे मांडले.

ती उतरण मी मोबाइलच्या मदतीने गाठली. कॅसेट मागे फिरवताना निदान आळस आडवा येत असे. मोबाइलवर तोही अडसर उरला नाही. उत्साहाच्या भरात मी तोच यमन पहाटे साडेपाचच्या गजराला लावला. संध्याकाळचा राग पहाटे लावल्याबद्दल आईने नाक मुरडले. पण आठवडाभरातच आलापातला पहिला निषाद कानी पडताच मला आंघोळीचे पाणी आणि सहा-दहाची लोकल आठवू लागली.

खरी गंमत अकराव्या मिनिटाची. गायक पंचमावर स्थिरावतात आणि श्रोत्यांतले कोणीतरी घसा दाबून, दोन हप्त्यांत खोकते. सुरुवातीला मला त्या गृहस्थांचा संताप येई. पुढे मी पंचमाऐवजी त्यांचीच वाट पाहू लागलो आणि ते अगदी समेवर खोकतात, असे माझे प्रामाणिक मत झाले. गवई तोच राग दर वेळी नवा मांडतो; छापील यमनाची सवय लागली ती आपल्याला.

गेल्या हिवाळ्यात एका तरुण गायिकेचा यमन समोर बसून ऐकला. त्या पंचमावर स्थिरावल्या, सभागृह निःशब्द झाले आणि मला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटू लागले. क्षणभर वाट पाहिली. मग न राहवून मीच खोकलो, दोन हप्त्यांत.

पुढच्या रांगेत मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.