तीन वर्षांच्या बंदीचा करार : एका प्रसृत दाव्याचा प्रतिवाद

बडोद्याच्या मकरपुरा आणि नंदेसरी या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदारांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. ‘प्रत्येक कामगाराकडून नोकरी सोडल्यावर तीन वर्षे स्पर्धकाकडे न जाण्याचा करार स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. आपल्याकडे शिकलेले सर्व काही आपल्या मालकीचे असते. फॉर्म्युला सरकारदरबारी नोंदवा. करार मोडला तर पोलीस अटक करतात,’ असा त्याचा आशय आहे. बडोद्यातील आपले अनेक मराठी उद्योजक त्यावर विसंबतात आणि तितकेच मराठी तंत्रज्ञ त्याच्या धाकाने चांगली नोकरी नाकारतात, म्हणून त्याचे खंडन करणे आवश्यक वाटते.

पहिला दावा तीन वर्षांच्या बंदीचा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार, कायदेशीर व्यवसाय करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असतो. व्यवसायाची ख्याती (गुडविल) विकणाऱ्यावर घातलेली वाजवी बंदी हा त्याला असलेला अपवाद नोकरीला लागू पडत नाही. स्टॅम्प पेपर कितीही किमतीचा असला, तरी शून्य अट त्यामुळे वैध होत नाही. या दाव्याच्या समर्थनार्थ सर्वोच्च न्यायालयाचा 1967 चा निरंजन शंकर गोलिकरी खटल्यातील निकाल पुढे केला जातो, परंतु तेथे पाच वर्षांच्या नोकरीचा करार अर्ध्यावर सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याला कराराच्या उरलेल्या मुदतीपुरतेच रोखले होते. नोकरी चालू असतानाची बंदी आणि नोकरी संपल्यानंतरची बंदी यांतील हा फरक न्यायालयांनी सातत्याने पाळला आहे, आणि 2006 मध्ये क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने करार संपल्यानंतरची बंदी कलम 27 खाली टिकत नाही, असेच म्हटले.

‘शिकलेले सर्व आपले’ हा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. रासायनिक प्रक्रियेचा रिअ‍ॅक्टर कसा चालवावा, तापमान चढू लागल्यावर काय करावे, बॅच बिघडण्याची लक्षणे कोणती, हे वर्षानुवर्षांच्या कामातून अंगी आलेले कौशल्य त्या माणसाचे असते आणि ते तो कोठेही नेऊ शकतो. मात्र एखाद्या रंगद्रव्यासाठी कंपनीने खर्च करून ठरवलेले उत्प्रेरकाचे नेमके प्रमाण, किंवा ग्राहकनिहाय दरांची फाइल, ही गोपनीय माहिती ठरू शकते. ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या जागतिक व्यापार संघटनेच्या कराराच्या अनुच्छेद 39 मध्ये तिच्या तीन कसोट्या दिल्या आहेत: माहिती त्या क्षेत्रात सर्वज्ञात नसावी, गुप्त राहिल्यामुळे तिला व्यापारी मूल्य असावे आणि ती गुप्त ठेवण्यासाठी मालकाने वाजवी उपाय केलेले असावेत. बहुतेक दावे तिसऱ्या कसोटीवर कोसळतात, कारण जी प्रक्रियापत्रिका प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवलेली असते, ती गुप्त होती हे न्यायाधीशांना पटवणे अवघड जाते.

फॉर्म्युला सरकारदरबारी नोंदवण्याचा सल्लाही निराधार आहे, कारण व्यापारी गुपितांची नोंदणी करणारे कार्यालय भारतात नाही. पेटंट घ्यायचे तर प्रक्रिया उघड करावी लागते, म्हणजे ती गुपित राहत नाही. सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने 2024 मध्ये आपल्या 289 व्या अहवालात स्वतंत्र कायद्याचा मसुदा सुचवला खरा, परंतु तो अहवालच आहे, कायदा नव्हे.

अटकेचा धाकही तितकाच पोकळ आहे. स्पर्धकाकडे नोकरी धरणे हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय संगणकातील डेटा उतरवून नेला असेल, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ची कलमे 43 आणि 66 लागू होऊ शकतात, आणि सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार झाला असेल तर फौजदारी विश्वासघाताचे कलम. पण त्यासाठी कृत्य सिद्ध करावे लागते, राजीनामा पुरेसा नसतो.

ज्या मालकाला खरोखर जपण्यासारखे काही आहे, त्याने नोकरीनंतरही लागू राहणारी गोपनीयतेची अट करारात स्पष्ट लिहावी, कोणती माहिती गोपनीय आहे हे त्यात नमूद करावे, ती फाइल मोजक्याच लोकांना उघडता येईल अशी व्यवस्था करावी आणि माणूस जाताना लॅपटॉप व कागद परत घेतल्याची पोच घ्यावी. माहिती बाहेर गेल्याचे दिसताच विलंब न लावता दिवाणी न्यायालयात अंतरिम मनाई (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता मनाईहुकूम) मागावी, कारण न्यायालय विलंबाची दखल घेते, आणि नेमके कोणते गुपित गेले हे दाव्यात सांगता आले नाही तर मनाई मिळणे कठीण असते.