लाल करा, ठोका, पाणी ओता: ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलची वाट लावणारा फॉरवर्ड

मुरबाडहून मामांचा फोन आला तेव्हा पाण्याचं पिंप भरून तयार होतं. मी तुर्भ्याहून गॅसचा टॉर्च घेऊन जायचं, एवढंच बाकी. चिखलणीच्या घाईत बांधावरून उतरताना त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक दणकन आदळलं, अ‍ॅक्सल वाकला, आणि त्याच संध्याकाळी भावकीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. "अरे, सगळं लिहून आलंय, अर्ध्या तासाचं काम आहे," असं मामांचं म्हणणं. पुढे तोच मजकूर शहापूरच्या मावसभावाने पाठवला, भिवंडीच्या एका गिऱ्हाइकानेही पाठवला. म्हणून आता एकदाच उत्तर लिहितो.

फॉरवर्ड थोडक्यात असा: ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल वाकला तर नवा घेऊ नका, कंपनीवाले लुटतात. चाक काढायची गरज नाही. जॅकवर घ्या, वाकलेली जागा गॅसने लालभडक करा, घणाने सरळ करा, लगेच गार पाणी ओता म्हणजे लोखंडाचं पोलाद होतं. वरून टीएमटी सळया वेल्ड करा, मग जन्मभर वाकणार नाही. अलाइनमेंट कारला लागतं, ट्रॅक्टरला नाही. शेवटी हात जोडलेले आणि ‘शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा’.

आधी पाण्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त विश्वास लोकांनी त्याच्यावर ठेवलाय. लोहार कोयत्याला पाणी पाजतो हे सगळ्यांनी पाहिलंय. पण कोयत्याचं पातं जास्त कार्बनचं असतं, आणि पाणी पाजल्यावर जाणता लोहार ते पुन्हा मंद तापवून थोडं नरम करतो. तसं केलं नाही तर धारेचे टवके उडतील. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने भट्टीसमोर अर्धा वेळच उभं राहून पाहिलेलं दिसतं.

आता अ‍ॅक्सल. साध्या टू-व्हील ड्राइव्ह छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा बीम, म्हणजे अ‍ॅक्सलचा मधला आडवा दांडा, बऱ्याचदा चौकोनी पाइपचा नाहीतर प्लेटा जोडून केलेल्या पेटीचा, आणि तो माइल्ड स्टीलचा असतो. त्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास. त्यावर पिंपच काय, अख्खी विहीर ओतली तरी त्याचं पोलाद होणार नाही. एका बाजूने पटकन गार झाला की तो वेडावाकडा आकसेल आणि सरळ करायला घेतलेला बीम भलत्याच ठिकाणी ओढला जाईल. दोन्ही टोकांना मात्र गोष्ट वेगळी. तिथले स्टब (ज्यावर चाक बसतं तो दांडा) आणि किंगपिन (ज्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन) सहसा मध्यम कार्बनच्या किंवा अलॉय स्टीलचे असतात. ते लाल करून, म्हणजे ७२७ अंशांच्या वर नेऊन, पाण्यात गार केले की आत मार्टेन्साइट नावाची कडक पण ठिसूळ रचना तयार होते. कडकपणा वाढतो हे खरं, पण काचेसारखा. म्हणजे पाण्याने जिथे काहीच होत नाही तिथे मेहनत फुकट, आणि जिथे होतं तिथे चाक निखळायची सोय.

यातली खरी भीती सांगतो. चांगलं नरम स्टील तुटायच्या आधी वाकतं. मामांचा अ‍ॅक्सल वाकला, म्हणून तर चाक तिरकं दिसलं आणि ट्रॅक्टर बांधावरच थांबला. त्याला ठिसूळ करून ठेवलात तर पुढच्या वेळी असा इशारा मिळणार नाही. तडा आत कुठेतरी सुरू होईल आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर मागे भरलेली ट्रॉली असताना चाक मुडपून स्टिअरिंग हातातून जाईल. आपल्याकडे त्या ट्रॉलीत माणसंही बसलेली असतात.

‘लालभडक’बद्दल. तापवून सरळ करणं ही मान्य पद्धत आहे, हे कबूल करावं लागेल. उंच ट्रकच्या धडकेने वाकलेले पुलांचे स्टील गर्डर असेच सरळ करतात. पण त्याला मर्यादा आहे. वेल्डिंगच्या धंद्यात जगभर मानला जाणारा अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी१.१ कोड सांगतो की सरळ करण्यासाठी तापवताना साधं स्ट्रक्चरल स्टील ६५० अंशांच्या वर नेऊ नये, आणि आधीच क्वेंच-टेंपर केलेलं, म्हणजे पाणी पाजून पुन्हा मंद तापवलेलं, असेल तर ६०० च्या वर नाही. दिवसाउजेडी लोखंड लालभडक दिसतं तेव्हा ते ८०० च्या आसपास पोहोचलेलं असतं. म्हणजे फॉरवर्डची पहिलीच पायरी मर्यादा ओलांडून पुढे गेलेली. डोळ्याने अंदाज घेऊ नका. ठरावीक तापमानाला वितळणारे खडू हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतात, ते ओढून बघायचं. आणि गार करायचं ते हवेवर, आपोआप. घाई असेल तर चहा घ्या.

घणाचीही तीच कथा. लाल रंग गेला तरी लोक ठोकत राहतात. साधारण २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, घासलेल्या लोखंडावर निळसर झाक दिसते तेव्हा, स्टीलची लवचीकता कमी झालेली असते. नेमका तेव्हाच घण चालतो आणि बारीक तडे पडतात. थोडाच बाक असेल तर न तापवता हायड्रॉलिक प्रेसवर हळूहळू दाबणं सगळ्यात चांगलं. स्टील थोडं परत उसळतं, म्हणून सरळ रेषेच्या जरा पलीकडे न्यावं लागतं. रबाळे, महापे, तुर्भे भागात अशी प्रेस असलेली शेड शोधायला फार फिरावं लागत नाही.

‘चाक काढायची गरज नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मात्र समोर उभं करून विचारावंसं वाटतं. टायर बसवलेल्या चाकाच्या हबला किंवा रिमला आच लागली की आतलं रबर तापून विघटित होतं आणि पेटणारा वायू तयार होतो. टायर फुटतो तो हवा जास्त झाली म्हणून नाही, स्फोट होऊन. ज्योत बाजूला केल्यावरही हे होऊ शकतं, आणि नुसती हवा सोडल्याने धोका संपत नाही. शिवाय हबमधलं ग्रीस पेटतं, सील जळतात. आणि हे सगळं जॅकवर तोललेल्या ट्रॅक्टरखाली वाकून करायचं! मागच्या चाकांना अडण लावा, पुढे घोडी द्या, चाकं आणि स्टब काढा, सेंटर पिन (बीम मध्यभागी जिच्यावर टांगलेला असतो ती) काढून बीम पूर्ण बाहेर घ्या. मग काय ते काम करा. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरी सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ लावा. करंट बेअरिंगमधून गेला की बेअरिंगवर खड्डे पडतात.

सळया. टीएमटी सळई इमारतीत मजबूत असते ती तिच्या बाहेरच्या थरामुळे. तयार होताना गरम सळईवर पाणी मारून तो थर कडक केलेला असतो आणि आतल्या उष्णतेने तो टेंपर होतो. वेल्डची आच लागली की नेमका तोच थर त्या जागी नरम पडतो. म्हणजे जिच्या ताकदीचं नाव सांगता, ती ताकद जोडावरच घालवायची. वर गोल सळई आणि सपाट पाइप यांच्यामध्ये वेल्ड नीट बसत नाही, खाच राहते, आणि तडा सुरू व्हायला अशी खाच पुरते.

मजबुती द्यायची तर आधी बीम कुठे ताणला जातो ते बघा. दोन्ही टोकांना चाकं जमिनीवर, मध्ये सेंटर पिनवर ट्रॅक्टरचं वजन. म्हणजे मधल्या भागाची खालची बाजू सगळ्यात जास्त ताणली जाते. नेमक्या तिथे आडवा वेल्ड मारला की तुटायची रेघ आखून दिल्यासारखं होतं. पट्टी लांबीच्या दिशेने लावायची, टोकं निमुळती ठेवायची, वेल्ड लांबीतच घ्यायचे. ताकद उंचीने वाढते हे लक्षात ठेवा: भरीव पट्टीची रुंदी तीच ठेवून उंची ५० मिमीवरून ६० केली तर बाक सोसायची ताकद ४४ टक्के वाढते. तेवढंच लोखंड बाजूला चिकटवून तसं होत नाही. वेल्डिंगचा रॉड लो हायड्रोजन, म्हणजे ७०१८ नंबरचा, आणि तो ओव्हनमध्ये भाजून सुकवलेला हवा. ठाण्याच्या पावसात उघड्या पुड्यातला रॉड ओलावा पितो, त्यातून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि वेल्ड वरून सुरेख दिसत असताना बाजूला तडा पडतो. जुलैत हे काम काढणाऱ्याने हे जास्तच जपावं. वेल्डिंगच्या आधी आणि नंतर डाय पेनिट्रंट तपासणी करा, म्हणजे तड्यात शिरून तो दाखवणारा लाल रंग लावून बघा. तडा दिसला किंवा पाइपची भिंत चुरगळलेली असली, तर तो बीम भंगारात द्या. वाकलेल्या किंगपिन आणि स्टबला तर आचच लावू नका, बदला.

जन्मभर वाकणार नाही, हा दावा खरा ठरला तर उलट नुकसान जास्त. अ‍ॅक्सल अडून बसला की पुढचा दणका जातो सेंटर पिनच्या बुशला, आणि तिथून इंजिनच्या पुढच्या ब्रॅकेटला. हा ब्रॅकेट बऱ्याच ट्रॅक्टरांत बिडाचा असतो. बीड वाकत नाही, फुटतं. मूळ बीमच्या आसपास ताकद येईल इतकीच मजबुती द्यायची.

फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांनी तर हे काही करूच नये. त्यांचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे आत गिअर आणि तेल असलेलं हाउसिंग. ते तापवलं की बेअरिंगच्या बैठका गेल्या.

अलाइनमेंटचं लवकर उरकतो. अ‍ॅक्सल सरळ झाला तरी दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा टाय रॉड वाकलेला असू शकतो. हबच्या उंचीवर दोन्ही पुढच्या टायरांच्या पुढच्या बाजूला खडूने खूण करा, अंतर मोजा, ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे टो-इन. आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये जो दिलाय तेवढा टाय रॉडने आणा. एक टेप आणि खडूचा तुकडा, एवढंच लागतं. डोळ्याने दिसत नाही इतक्या फरकानेही टायर एका बाजूने खाल्ले जातात.

राहिलं ‘कंपनीवाले लुटतात’. सुट्या भागांच्या किमती पाहून मलाही राग येतो, आणि आवणी तोंडावर असताना पार्ट येईपर्यंत थांबणं किती जड जातं ते मामांकडे पाहून कळतं. म्हणून दुरुस्ती करूच नका असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे न्याल त्याला आधी विचारा: बीम ट्रॅक्टरवरून काढणार का, प्रेस आहे का, रॉड कोणता आणि तो कुठे सुकवता. तिसऱ्या प्रश्नावर जो हसेल, त्याच्याकडून गेटचं काम करून घ्या, अ‍ॅक्सलचं नको.